गेमिंग संगणकात आधी कोणता भाग बदलावा : ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर की आणखी काही?

प्रश्नकर्त्याच्या संगणकात रायझेन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅमची एकच पट्टी, ६ जीबी मेमरीचे जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॅटचा पॉवर सप्लाय आहे. मॉनिटर १९२० × १०८० पिक्सेलचा आणि १४४ हर्ट्‌झचा आहे. नवे गेम अडखळत चालतात, जुने ऑनलाइन गेमही मॉनिटरच्या वेगापर्यंत, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रांपर्यंत (फ्रेम), पोहोचत नाहीत, आणि सध्या एकाच मोठ्या भागाचा खर्च परवडणार आहे. काही जण आधी ग्राफिक्स कार्ड बदला म्हणतात, काही जण प्रोसेसर. दोन्ही सल्ल्यांत तथ्य असू शकते, कारण त्याच संगणकावर एका गेममध्ये कार्ड कमी पडते आणि दुसऱ्या गेममध्ये प्रोसेसर. म्हणून कोणता भाग किती जुना आहे हे पाहण्याआधी, आपण रोज खेळतो त्या गेममध्ये बाकीचे भाग कोणाची वाट पाहत थांबतात हे शोधावे लागते. त्यासाठी पैसा लागत नाही, एखादी संध्याकाळ पुरते, आणि तरीही बहुतेक लोक नेमकी हीच पायरी वगळून खरेदीला निघतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पडद्यावर दिसणारी प्रत्येक फ्रेम दोन टप्प्यांत तयार होते. प्रोसेसर गेमचे नियम, पात्रांच्या हालचाली, टकरींचे गणित आणि नेटवर्कवरून आलेली माहिती हाताळतो आणि काय काढायचे याच्या आज्ञा तयार करतो. ग्राफिक्स कार्ड त्या आज्ञांनुसार चित्र रंगवते. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर पूर्ण वापरायचा असेल तर प्रत्येक टप्पा सुमारे ६.९ मिलिसेकंदांत संपायला हवा, ६० फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद पुरतात. एखाद्या गेममध्ये प्रोसेसरला एका फ्रेमसाठी ११ मिलिसेकंद लागत असतील, तर जगातले सर्वांत महागडे कार्ड लावूनही तो गेम सेकंदाला नव्वद फ्रेमच्या आसपासच थांबेल. याउलट कार्डाला २० मिलिसेकंद लागत असतील, तर नवा प्रोसेसर घेऊन पन्नास फ्रेमचे एकावन्नही होणार नाहीत.

मोजमापासाठी एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारे रिव्हाट्यूनर हे प्रोग्रॅम पुरेसे आहेत. फ्रेमच्या वेळांचा आलेख हवा असेल तर कॅपफ्रेमएक्स किंवा इंटेलचे प्रेझेंटमॉन वापरता येते. मोजण्यापूर्वी व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरशी जुळवणारी सेटिंग) आणि फ्रेमची कोणतीही मर्यादा बंद करावी. मर्यादा चालू राहिली की कार्ड मुद्दाम निवांत चालते, त्याचा वापर साठ टक्के दिसतो आणि दोष विनाकारण प्रोसेसरवर जातो. मर्यादा नसताना कार्डाचा वापर सतत ९७ ते ९९ टक्के दिसत असेल, तर त्या गेममध्ये त्या क्षणी कार्डच मर्यादा घालते आहे. तो सत्तरवर घसरत असेल, तर कार्डाला काम वेळेवर मिळत नाही. अडचण प्रोसेसरमध्ये किंवा रॅममध्ये आहे.

येथे बहुतेकांची फसगत करणारा आकडा म्हणजे टास्क मॅनेजरमधला प्रोसेसरचा एकूण वापर. रायझेन ५ २६०० मध्ये ६ कोअर आणि १२ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामे) आहेत, म्हणजे एक थ्रेड पूर्ण व्यापला तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा जेमतेम आठ टक्के असतो. गेमचा मुख्य थ्रेड श्वास घेण्यासही मोकळा नसताना एकूण वापर पस्तीस टक्के दिसतो, आणि मालक निश्चिंतपणे म्हणतो की प्रोसेसर तर मोकळाच बसला आहे. प्रत्येक थ्रेडचा आलेख वेगळा पाहिला तरी खात्री होत नाही, कारण विंडोज तेच काम एका कोअरवरून दुसऱ्या कोअरवर हलवत राहते. म्हणून मी निर्णय नेहमी कार्डाच्या वापरावरून आणि पुढे सांगितलेल्या रिझोल्यूशनच्या चाचणीवरून घेतो.

१९२० × १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल आणि १२८० × ७२० म्हणजे सुमारे ९.२ लाख, पहिल्यावरून दुसऱ्यावर आले की कार्डावरचा पिक्सेलांचा बोजा सव्वादोन पटींनी कमी होतो, प्रोसेसरचे काम मात्र जवळपास तेवढेच राहते. गेममधले एक जड ठिकाण निवडावे, जसे गर्दीचा चौक किंवा अनेक खेळाडूंची लढत, आणि तेथे दोन्ही रिझोल्यूशनवर फ्रेम मोजाव्यात. ६० च्या १०० झाल्या तर कार्ड कमी पडत होते. ६० च्या ६३ झाल्या तर कार्ड निर्दोष आहे. ही चाचणी करताना संपूर्ण दर्जा ‘हाय’वरून ‘लो’वर नेऊ नये, कारण सावल्या, गर्दीची घनता आणि दृश्याचा पल्ला कमी झाला की प्रोसेसरचेही ओझे उतरते आणि निष्कर्ष गढूळ होतो, फक्त रिझोल्यूशन किंवा गेममधले रेंडर स्केल बदलावे. रिकाम्या बोळातले किंवा मेनूतले आकडे कामाचे नाहीत, आणि गेमसोबत आलेल्या अनेक बेंचमार्क दृश्यांत कॅमेरा नुसता फिरत असल्याने तीही प्रामुख्याने कार्डाचीच परीक्षा घेतात.

या चाचणीचा आणखी एक उपयोग आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. कार्डाचा वापर ऐंशी टक्क्यांच्या खाली येईपर्यंत रिझोल्यूशन उतरवत गेलो की शेवटी जो फ्रेमचा आकडा हाती लागतो, तो आपल्या प्रोसेसरची त्या गेममधली कमाल मर्यादा असते. नवे कार्ड कितीही वेगवान असले तरी, तीच सेटिंग ठेवली तर, त्या आकड्याच्या फारसे पलीकडे जाऊ शकत नाही. कार्डांची परीक्षणे बाजारातला सर्वांत वेगवान प्रोसेसर लावून केलेली असतात, आणि ते योग्यच आहे, कारण तेथे कार्ड मोजायचे असते. पण परीक्षणात १३० फ्रेम दिसल्या आणि आपल्या प्रोसेसरची मर्यादा ८० असली, तर आपल्याला ८० च मिळणार. नेहमी खेळल्या जाणाऱ्या दोन-तीन गेमसाठी ही मर्यादा काढून कागदावर लिहावी आणि कोणत्याही कार्डाचे परीक्षण तो कागद शेजारी ठेवून वाचावे.

सरासरीबरोबरच सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा आकडाही पाहावा. सरासरी ८० आणि हा आकडा २५ असेल, तर तो गेम स्थिर ६० फ्रेमच्या गेमपेक्षा हाताला कितीतरी वाईट लागतो. अडखळणे हे सरासरी कमी असण्याहून वेगळे दुखणे आहे आणि त्याची कारणेही वेगळी असतात : रॅम अपुरी पडणे, कार्डाची मेमरी भरून वाहणे, संथ डिस्कवरून माहिती उशिरा येणे. एक कारण असेही आहे ज्यावर कोणताही नवा भाग पूर्ण उपाय ठरत नाही. गेममधल्या एखाद्या ठिकाणी पहिल्यांदा गेल्यावर तो अडखळतो आणि त्याच वाटेने दुसऱ्यांदा गेल्यावर सुरळीत चालतो, तेव्हा बहुधा शेडर (चित्र रंगवण्यासाठी कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम) त्या क्षणी संकलित होत असतात. वेगवान प्रोसेसरने हे धक्के लहान होतात, पण दोष गेमच्या रचनेत असतो. पैसे खर्च करण्यापूर्वी ती वाट दुसऱ्यांदा चालून पाहावीच.

विनाखर्चाच्या गोष्टीही याच वेळी तपासून घ्याव्यात. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर खरोखर १४४ हर्ट्‌झवर आहे का, कारण तो अनेकदा ६० वरच राहिलेला असतो. केबल मदरबोर्डऐवजी ग्राफिक्स कार्डाला जोडलेली आहे का. तापमान वाढल्यामुळे प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करत नाही ना. धूळ साफ करून आणि थर्मल पेस्ट नव्याने लावून कित्येक संगणक पूर्ववत झालेले मी पाहिले आहेत.

आता या विशिष्ट संगणकाकडे येऊ. माझा पहिला संशय कार्डावरही नाही आणि प्रोसेसरवरही नाही, तो रॅमच्या एकट्या पट्टीवर आहे. डीडीआर४ च्या प्रत्येक चॅनेलची रुंदी ६४ बिट असते. ३२०० च्या वेगाला एका चॅनेलमधून सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहू शकते, आणि दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की ही क्षमता ५१.२ जीबी होते. एकच पट्टी असेल तर प्रोसेसरचा निम्मा रस्ता बंद असतो, आणि याचा फटका सरासरीपेक्षा त्या संथ एक टक्का फ्रेमना अधिक बसतो. त्यात या पिढीच्या रायझेनमध्ये कोअरच्या गटांना जोडणाऱ्या अंतर्गत दुव्याचा वेग रॅमच्या वेगाशी बांधलेला आहे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग, चालू नसेल तर ३२०० ची पट्टी २१३३ किंवा २४०० वरच चालते, आणि मग प्रोसेसर प्रत्यक्षात आहे त्याहून दुबळा भासतो. म्हणून आधी एक्सएमपी तपासावे, मग तशीच दुसरी पट्टी घ्यावी किंवा, तेच मॉडेल मिळत नसेल तर, दोन पट्ट्यांचा जुळता संच घ्यावा, कारण भिन्न बनावटीच्या पट्ट्या जाहीर वेगाला एकत्र स्थिर राहतीलच असे नाही. चार खाचांच्या बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरच्या बाजूने मोजल्यास दुसरी आणि चौथी खाच वापरायची असते. तरी बोर्डाची पुस्तिका पाहावी. हा खर्च मोठ्या भागाच्या तुलनेत किरकोळ आहे, आणि तो केल्यावर वरची सर्व मोजमापे पुन्हा घ्यावीत, कारण प्रोसेसरची कमाल मर्यादा बदललेली असेल. एकूण किती रॅम हवी, याचे उत्तर सोपे आहे : ८ जीबी आज तोकडी आहे, १६ बहुतेकांना पुरते, नवे मोठे गेम आणि मागे उघडा ब्राउझर अशी सवय असेल तर ३२ घ्यावी, आणि त्यापुढे गेमच्या दृष्टीने सहसा काही हाती लागत नाही.

यानंतर मोठा प्रश्न उरतो तो कार्ड की प्रोसेसर. जीटीएक्स १०६० हे २०१६ सालचे कार्ड आहे आणि त्याची अडचण केवळ वेगाची नाही. त्यात रे ट्रेसिंगसाठी (प्रकाशकिरणांचे गणित करून उजेड-सावल्या काढण्यासाठी) स्वतंत्र हार्डवेअर नाही आणि डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनवर रंगवलेले चित्र मोठे करणारी एनव्हीडियाची सोय) चालत नाही. २०२४ च्या अखेरीस आलेल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’सारख्या गेमना रे ट्रेसिंगचे हार्डवेअर अनिवार्य आहे, म्हणजे दर्जा कितीही उतरवला तरी ते या कार्डासाठी बनलेलेच नाहीत. असे गेम खेळण्याची इच्छा असेल, तर मोजमापाआधीच उत्तर मिळाले : आधी कार्ड. नव्या एकट्याने खेळायच्या, दृश्यप्रधान गेममध्येही रिझोल्यूशनची चाचणी बहुधा कार्डाकडेच बोट दाखवेल.

कार्ड निवडताना दोन गोष्टी परीक्षणांत सहज दिसत नाहीत. पहिली, कार्डाची मेमरी. ती भरली की उरलेला मजकूर पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या, मार्गाने साध्या रॅममध्ये जातो, आणि तेथून तो आणताना फ्रेम अडखळतात किंवा पोत (पृष्ठभागांवरची चित्रे) धूसर राहतात. ८ जीबी १९२० × १०८० रिझोल्यूशनवर अजून चालते, पण नव्या गेममध्ये उच्च पोत, रे ट्रेसिंग आणि फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कृत्रिमपणे तयार करणे) एकत्र चालू केले की ती अपुरी पडू लागते. पाच वर्षे ठेवण्यासाठी घेत असाल तर १२ किंवा १६ जीबीकडे जावे, असे माझे ठाम मत आहे. दुसरी गोष्ट मार्गिकांची, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसमधल्या माहितीच्या समांतर वाटांची. आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ७६०० सारख्या कार्डांना सोळाऐवजी आठच मार्गिका आहेत. पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या बोर्डावर हे जाणवत नाही, पण बी४५० बोर्डावर ३.० आवृत्ती असल्याने रस्ता निम्मा होतो. मेमरी पुरेशी असेपर्यंत तोटा थोडा असतो. मेमरी भरली की मात्र तोच अरुंद रस्ता छळतो. चारच मार्गिकांचे आरएक्स ६५०० एक्सटी ३.० च्या बोर्डावर किती मागे पडते, हे २०२२ मध्ये सर्वांनी पाहिले. इंटेलची आर्क कार्डे विचारात असतील तर आपला बोर्ड आणि प्रोसेसर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) देतात का, हे आधी पाहावे. तो नसेल तर त्यांचा वेग बराच घसरतो.

डीएलएसएस किंवा एएमडीच्या तशाच एफएसआरविषयी एक गैरसमज फार पसरला आहे. १०८० वर ‘क्वालिटी’ पर्याय निवडला की गेम आतून १२८० × ७२० वर रंगवला जातो. म्हणजे ही सोय वरच्या चाचणीइतकाच कार्डाचा बोजा उतरवते, आणि चाचणीत जेथे फ्रेम अडल्या होत्या तेथेच त्या येथेही अडतील. प्रोसेसर कमी पडत असताना अपस्केलिंगने काही साधत नाही. फ्रेम जनरेशन आकडा वाढवते आणि दृश्य गुळगुळीत करते, पण माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ मूळ फ्रेमवरच अवलंबून असतो. मूळ फ्रेम ३५ असतील तर हाताला ३५ चाच जडपणा जाणवतो, किंबहुना किंचित अधिक.

स्पर्धात्मक ऑनलाइन गेम, मोठी रणनीतीची मैदाने, नगररचनेचे गेम आणि सिम्युलेशन यांत चित्र उलटे असते. तेथे दर्जा आधीच कमी ठेवलेला असतो, कार्ड निम्मे मोकळे असते आणि १४४ फ्रेमची वाट प्रोसेसर अडवतो. तुमचा बहुतेक वेळ अशा गेममध्ये जात असेल, तर नवे कार्ड घेऊन जवळजवळ काहीच बदलणार नाही. येथे तुमचे नशीब चांगले आहे. बी४५० च्या एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसवण्याच्या जागेत) बायोस अद्ययावत करून रायझेन ५००० मालिकेचे प्रोसेसर बसतात. बोर्ड आणि रॅम तीच राहते. रायझेन ५ ५६०० हीसुद्धा २६०० वरून मोठी उडी आहे, आणि ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी मिळत असेल तर त्यातील ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) गेमसाठी विशेष उपयोगी पडते, कारण गेमची माहिती वारंवार रॅमपर्यंत जाऊन आणावी लागत नाही. २६०० मध्ये ही कॅशे १६ एमबी आहे.

असे नशीब सर्वांचे नसते. इंटेलच्या सातव्या पिढीचा चार कोअरचा प्रोसेसर असलेल्या वाचकाला त्याच बोर्डावर पुढे जाण्यास वावच नाही. आठव्या पिढीचे प्रोसेसर त्याच नावाच्या सॉकेटचे असूनही त्या बोर्डांवर चालत नाहीत. त्याच्यासाठी प्रोसेसर बदलणे म्हणजे बोर्डही बदलणे, आणि एएमडीचे एएम५ सॉकेट निवडले तर रॅमही, कारण तेथे फक्त डीडीआर५ चालते. शिवाय त्या पिढीला, एखाददुसरा अपवाद वगळता, विंडोज ११ चा अधिकृत पाठिंबा नाही आणि विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा संगणकात महागडे कार्ड घालण्यापेक्षा मी पैसे साठवून बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकत्र बदलण्याचा सल्ला देईन. किंवा कार्डच घ्यायचे असेल तर पुढच्या संगणकातही शोभेल असे घ्यावे आणि सध्या त्याची पूर्ण ताकद मिळणार नाही हे स्वीकारून घ्यावे.

पॉवर सप्लायने फ्रेम वाढत नाहीत, म्हणून तो नेहमी यादीच्या तळाशी राहतो, आणि मला ही सवय धोक्याची वाटते. जड गेममध्ये संगणक एकाएकी बंद पडत असेल किंवा आपोआप पुन्हा सुरू होत असेल आणि तापमान ठीक असेल, तर सर्वांत आधी पॉवर सप्लायच बदलावा. मदरबोर्डची खाच कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज देते, ६ पिनची जोडणी आणखी ७५ आणि ८ पिनची १५०. जीटीएक्स १०६० ची गरज १२० वॅट आहे. आरटीएक्स ४०६० ची ११५ असल्याने चांगल्या बनावटीचा ४५० वॅटचा सप्लाय त्याला पुरतो, पण दोनशे वॅटच्या पुढचे कार्ड घेत असाल तर सप्लायची किंमत त्याच खर्चात धरावी. आधुनिक कार्डे क्षणभरासाठी जाहीर आकड्यापेक्षा बरीच अधिक वीज ओढतात. डब्यावरचे ‘८० प्लस’ हे चिन्ह फक्त कार्यक्षमता सांगते. आतील संरक्षण आणि घटकांचा दर्जा ते सांगत नाही. नामांकित कंपन्यांचे तयार संगणक असतील तर सप्लायचा आकार आणि जोडण्या सर्वसामान्य मापाच्या आहेत का, आणि कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी मावते का, हेही मोजून घ्यावे.

डिस्कबद्दल थोडक्यात : गेम अजून हार्ड डिस्कवर असतील तर एसएसडी घ्यावी. सरासरी फ्रेम वाढणार नाहीत, पण गेम उघडण्याचा वेळ आणि मोठ्या जगात फिरतानाचे अडखळणे कमी होईल, आणि कित्येक नवे गेम आता किमान गरजेतच एसएसडी मागतात. साटा एसएसडी आधीच असेल तर त्याहून वेगवान एनव्हीएमई प्रकारावर जाण्याची घाई नको. गेममधला फरक डब्यावरील आकड्यांच्या तुलनेत फार लहान असतो.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा ठरतो : आधी एक्सएमपी आणि रॅमची दुसरी पट्टी, मग पुन्हा मोजमाप, नवे दृश्यप्रधान गेम हे मुख्य लक्ष्य असेल तर मोठा खर्च कार्डावर, ऑनलाइन गेममध्ये १४४ फ्रेम हे लक्ष्य असेल तर प्रोसेसरवर. दोन्ही प्रकारचे गेम सारखेच खेळत असाल आणि आकड्यांतून कौल स्पष्ट होत नसेल, तर मी आधी कार्ड घेईन, कारण प्रोसेसरची अडचण १०८० वर काही सेटिंग उतरवून सहन करता येते, जुन्या कार्डाला मात्र काही गेम चालूच करता येत नाहीत.

प्रोसेसर बदलण्याचे ठरले तर बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अद्ययावत करावा. जुन्या बायोसवर नवा प्रोसेसर सुरूच होणार नाही. बोर्डाच्या नेमक्या मॉडेलच्या आणि आवृत्तीच्या पाठिंब्याची यादी निर्मात्याच्या संकेतस्थळावर पाहावी. अद्ययावत झाल्यावर बायोसच्या सेटिंग सहसा मूळ स्थितीला जातात, म्हणून एक्सएमपी पुन्हा चालू करावे. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवावी, कारण प्रोसेसर बदलताच त्यातील टीपीएम (कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) बदलते आणि पहिल्याच सुरुवातीला संगणक ती की मागू शकतो.